नवव्या अटीत तुम्ही नाही

माटुंगा,
ता. ६ ऑक्टोबर १९५८

ती. स्व. अप्पामामांना सुनंदाचा वाकून नमस्कार.

वाकून म्हणजे फक्त कागदावर. प्रत्यक्षात गुडघा वाकत नाही, आणि आजच्या पत्राचं कारणही तेच आहे.

श्रावणात मी गॅलरीत घसरून पडले ते तुम्हांला ठाऊक आहेच. आता प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणतात, चाला, उभ्या राहा, पण पाटावर बसून शेगडीपुढे स्वयंपाक केलात तर हा पाय पुन्हा सरळ होणार नाही. तेव्हापासून चूल सासूबाईंच्या ताब्यात आहे. त्या अजिबात कुरकुर करत नाहीत. आपण कुरकुर करत नाही, एवढं मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. परवा दूधवाल्यालाही सांगून झालं.

मामा, लग्न झाल्यापासून ते स्वयंपाकघर माझं होतं. आता मी दारात उभी राहून मीठ कुठल्या बरणीत आहे ते सांगते, आणि हल्ली तेही कोणी विचारत नाही. मला हे सहन होत नाही, स्पष्टच लिहिते.

म्हणून ओटा बांधून घ्यायचं ठरवलं आहे. वर कडप्प्याची लादी, त्यावर शेगडी आणि स्टो, आणि मी पुढे उभी. सासूबाईंच्या मते उभ्याने स्वयंपाक इराण्याकडे होतो, घरात नाही. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, करूया. हे सगळ्यालाच करूया म्हणतात. आईंनी नको म्हटलं की त्यालाही बरं म्हणतात.

काम जयवंत राऊळ नावाच्या माणसाला द्यायचं आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत राहतो, आधी गिरणीत होता, आता घरांची कामं घेतो. खालच्या मजल्यावरची मोरी त्यानेच केली, ती गळत नाही. मी कागदाचं काढलं तर म्हणाला, बाईनू, कागद कशाक, मी शब्द दिलंय. तुम्ही इतकी वर्षं सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क होतात. कागद करावा का? केला तर कसा करावा?

तुमची,
सुनंदा


खोताची वाडी, गिरगाव,
ता. १० ऑक्टोबर १९५८

चि. सौ. सुनंदास अप्पाचे अनेक आशीर्वाद, त्यांतला एक खास गुडघ्यासाठी.

कागद करावा का, हा प्रश्न माझ्या भाचीने विचारावा याचं वाईट वाटलं. असो.

लोक समजतात की घराच्या कामात भांडणं पैशांवरून होतात. तसं नाही. ती होतात 'मला वाटलं' या दोन शब्दांवरून. मालकाला वाटलं लादी कडप्प्याची, कंत्राटदाराला वाटलं शहाबादी. मालकाला वाटलं दिवाळीपर्यंत, कंत्राटदाराला वाटलं होळीपर्यंत. म्हणून काम कोणतं, माल कोणता, पुरं कधी, पैसे कोणत्या टप्प्याला, आणि मध्येच काही बदलायचं झालं तर शब्द कोणाचा चालेल, एवढं कागदावर आलंच पाहिजे. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. ठाकुरद्वारला आमच्या एका पक्षकाराच्या घरी सासूने गवंड्याला दार उजवीकडे ठेवायला सांगितलं आणि सुनेने डावीकडे. गवंडी स्वभावाने गरीब, त्याने दोघींचं ऐकलं. त्या घराला आता दोन दारं आहेत आणि कपाट ठेवायला भिंत नाही.

तेव्हा सोबत मसुदा पाठवत आहे. नववी अट मुद्दाम वाच: 'कामात कोणताही बदल करावयाचा झाल्यास तो केवळ श्री. मनमोहन वेलकर यांच्या लेखी सूचनेवरून करावा. घरातील अन्य कोणाच्याही तोंडी सूचना कंत्राटदाराने ऐकू नयेत.' हिच्यामुळे तुझ्या सासूबाईंचा बंदोबस्त होईल. दुसरं, मी 'मालक', 'सदर इसम' असले मोघम शब्द वापरत नाही. जागा मनमोहनरावांच्या नावावर आहे, म्हणून प्रत्येक अटीत त्यांचं पूर्ण नाव घातलं आहे. उद्या कोणाला शंका घ्यायला जागा नको.

सहीपूर्वी सर्वांसमोर, शब्दही न गाळता, मोठ्याने वाचावा. काम संपेपर्यंत एक प्रत कंत्राटदाराच्या खिशात असावी.

अप्पा


माटुंगा,
ता. १६ नोव्हेंबर १९५८

ती. स्व. अप्पामामांना सुनंदाचा नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणे करार पाडव्याला सर्वांसमोर वाचून झाला. सासूबाईंनी आधी तो देवापुढे ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं, त्यामुळे पहिल्या अटीतली तारीख थोडी पिवळी झाली आहे, पण वाचता येते.

वाचायचं काम माझ्याकडे आलं. ह्यांचा चष्मा दुरुस्तीला होता, सासूबाईंना अक्षरओळख नाही, आणि जयवंत म्हणाला, बाईनूच वाचूदेत. मामा, तुम्ही प्रत्येक अटीत ह्यांचं पूर्ण नाव घातलंत. सासूबाईंच्या देखत मी ते घ्यायचं कसं? आमच्या लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. म्हणून जिथे नाव आलं तिथे मी जरा थांबले आणि पुढे गेले. बाकी एकही शब्द गाळला नाही. चौथ्या अटीपर्यंत सगळे लक्ष देऊन ऐकत होते. मग सासूबाईंचा डोळा लागला. जयवंतने प्रत्येक पानावर सही केली आणि आपली प्रत घडी करून खिशात ठेवली. उद्या काम सुरू.

दुसरी बातमी अशी की हे बेळगावला गेले. समितीची तुकडी सीमेवर सत्याग्रहाला निघाली, कोणीतरी ह्यांना विचारलं, येता का, आणि हे म्हणाले, जाऊया. मला आधी राग आला, मग अभिमान वाटला, आणि गाडीची वेळ झाल्यावर नुसतं रडू आलं. निघायच्या संध्याकाळी मी ओवाळायचं तबक तयार करत होते तेव्हा जयवंत आला आणि ह्यांना स्वयंपाकघराच्या भिंतीशी ताठ उभं करून त्याने पेन्सिलीने काहीतरी खूण केली. मला वाटलं, आठवण म्हणून.

आठ-दहा दिवसांत परत येतील असं सगळे म्हणतात.

सुनंदा


माटुंगा,
ता. ३ डिसेंबर १९५८

ती. स्व. अप्पामामांना नमस्कार.

ह्यांना दोन महिन्यांची शिक्षा झाली. प्रकृती चांगली आहे असं तिथून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं. सासूबाईंनी आल्यागेल्याला सांगायला आता हा विषय घेतला आहे, त्यामुळे माझा गुडघा थोडा मागे पडला.

आता ओट्याबद्दल. ओटा माझ्या छातीला लागतो.

काल विटांचं काम पुरं झालं. मी पुढे उभी राहिले आणि हात वर केले, तेव्हा कोपर कसंबसं टेकलं. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. पातेल्यात काय चाललं आहे हे मला वासावरून ओळखावं लागेल. जयवंतला विचारलं, ही उंची कोणी सांगितली? त्याने खिशातून करार काढला आणि सातवी अट दाखवली: 'ओट्याची उंची श्री. मनमोहन वेलकर यांच्या सोयीप्रमाणे, त्यांच्या कोपराचे माप घेऊन ठरवावी.'

मामा, हे सहा फूट आहेत. मी त्यांच्या खांद्याखाली संपते.

मी त्या दिवशी ही अट वाचली होती. नाव आलं, मी थांबले, पुढे गेले. 'ओट्याची उंची यांच्या सोयीप्रमाणे.' माझ्याच मनाने तिथे मी बसले, कारण ओट्याशी दुसरं कोण उभं राहणार? डोळ्यांनी ह्यांचं नाव पाहिलं होतं, पण जे तोंडाने घेतलं नाही ते डोक्यात शिरलं नाही. जयवंतला म्हटलं, अरे, स्वयंपाक मी करणार, साहेबांचं माप तू घेतलंसच कसं? तो म्हणाला, कागदात आहे. आणि मोठ्या घरात काय रीत असते ते मी कशाक विचारूचा? ह्यांनाही त्या वेळी चमत्कारिक वाटलं होतं म्हणे, पण मामांनी लिहिलंय म्हणजे काही कारण असेल असं म्हणून हे ताठ उभे राहिले.

मी सांगितलं, दहा इंच खाली घे. लादी अजून बसायची आहे, दोन दिवसांचं काम. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "तुमचा म्हणणा माका पटता, बाईनू. पण नवव्या अटीत तुमी नाय."

आता काय करू ते लवकर कळवा.

सुनंदा


खोताची वाडी,
ता. ६ डिसेंबर १९५८

चि. सौ. सुनंदास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिली गोष्ट, जयवंत राऊळसारखा कंत्राटदार माझ्या सबंध नोकरीत मला भेटला नाही. नववी अट इतकी जशीच्या तशी पाळलेली मी प्रथमच पाहतो आहे. त्याला माझा नमस्कार सांग.

दुसरी गोष्ट, सातव्या अटीबद्दल. अशा करारात सर्व मापं सही करणाऱ्याच्या सोयीने घ्यायची पद्धत आहे. खुर्ची, टेबल, कठडा, सगळ्याला हीच अट चालते. ओट्याला ती चालणार नाही हे लक्षात यायला मी कधी ओट्यापुढे उभा राहिलो नाही.

उपाय सोपा आहे. मनमोहनरावांची लेखी सूचना मागव. तुरुंगात पत्र जातं. मजकूर असा लिही: 'करारातील सातव्या अटीच्या संदर्भात उंची दहा इंचांनी कमी करण्याची नवव्या अटीनुसार लेखी आज्ञा ताबडतोब पाठवावी. एकतीस तारखेपूर्वी काम पुरे होणे अत्यंत जरूर आहे.' घरगुती मजकूर घालू नकोस, त्याने कागदाचं वजन कमी होतं.

अप्पा


माटुंगा,
ता. २० डिसेंबर १९५८

ती. स्व. अप्पामामांना नमस्कार.

तुम्ही दिलेला मजकूर शब्दही न बदलता पाठवला. घरगुती काहीही घातलं नाही.

तुरुंगातल्या साहेबांनी ह्यांना कचेरीत बोलावलं. सातवी अट म्हणजे काय, नववी अट कोणी घातली, एकतीस तारखेला काय पुरं होणार आहे, आणि दहा इंचांनी काय कमी करायचं आहे, असं सकाळपासून दुपारपर्यंत विचारलं. ह्यांनी करार वाचलेला नव्हता, ऐकला होता, तोही नाव गाळून. तेव्हा ह्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. ओट्याबद्दल असेल, असं ह्यांनी शेवटी सांगितलं, त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. तुकडीतले बाकीचे मात्र ह्यांना आता फार मान देतात. त्यांना वाटतं, हे कोणीतरी मोठे पुढारी आहेत.

हे सगळं सुटून आलेल्या एकाकडून कळलं. ह्यांचं पत्र काल आलं त्यात 'प्रकृती ठीक आहे' एवढंच वाचता येतं. बाकीवर काळी शाई.

इकडे एकतीस तारखेच्या पुढे प्रत्येक दिवसाचे पैसे कापायची अट तुम्हीच घातली आहे, त्यामुळे जयवंतला थांबता येत नाही. मी त्याच्यावर रागावले, पण त्याचंही खोटं नाही. मागे दादरला एका बाईंच्या सांगण्यावरून त्याने माळा खाली घेतला, संध्याकाळी नवरा आला आणि हे मी सांगितलं नव्हतं म्हणून त्याने पैसे दिले नाहीत. काल लादी बसली. चांगली बसली आहे. सासूबाईंनी तिच्यावर पापड वाळत घातले आणि म्हणाल्या, झालं एकदाचं, आता मी आहेच की चुलीला.

मामा, तुम्ही म्हणाल चिडून लिहिते. खरंच चिडले आहे. त्या करारात विटा आहेत, वाळू आहे, कडप्पा आहे, समोरच्या खिडकीचा खिळासुद्धा आहे. मी कुठेच नाही. जिच्यासाठी ओटा तिचं नाव कुठल्याच अटीत नाही. नवव्या अटीत आहे, पण तिथे माझं नाव 'घरातील अन्य कोणी' असं आहे. मला त्या स्वयंपाकघरात परत उभं राहायचं होतं, एवढंच होतं.

सुनंदा


खोताची वाडी,
ता. २३ डिसेंबर १९५८

चि. सौ. सुनंदास आशीर्वाद.

मसुद्याची माझी प्रत काढून पुन्हा वाचली. मसुद्यात चूक नाही. मसुद्यात तू नाहीस, आणि ते माझ्या कामाला शोभलं नाही. दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही.

काल सकाळी नळावर आमची गंगुबाई भांडी घासत होती. ती बुटकी आहे, आणि नळ उंच आहे, म्हणून ती नेहमी एका दगडावर उभी राहते. हे मी रोज पाहतो, पण काल पाहिलं.

ओट्याची उंची कमी करता येत नाही. पण ओट्यापुढच्या जमिनीबद्दल करारात एक अक्षर नाही. जमीन दहा इंच वर आली तर ओटा आपोआप खाली जाईल. ओट्याच्या पुढ्यात लांबरुंद पायरी बांधायची. पण हे जुन्या कामातला बदल म्हणून नव्हे, कारण मग नववी अट आडवी येते. हे स्वतंत्र काम, म्हणून स्वतंत्र करार. सोबत जोडला आहे, एका पानाचा. त्यात पक्ष दोनच, जयवंत राऊळ आणि सौ. सुनंदा वेलकर. प्रत्येक अटीत तुझं नाव आहे. पायरीवर तुला स्वतःला उभं करून माप घ्यावं, असं वेगळं लिहिलं आहे. नववी अट मला सवयीने घालावीशी वाटली, म्हणून त्या एका पानात नऊ अटी बसवल्या.

पैसे तुझेच असावेत, म्हणजे उद्या कोणी बोलणार नाही. पाडव्याची ओवाळणी खर्च झाली नसेल तर ती चालेल. आणि या वेळी नाव न गाळता वाच. स्वतःचं घ्यायला काही हरकत नसावी.

अप्पा


माटुंगा,
ता. १ फेब्रुवारी १९५९

ती. स्व. अप्पामामांना सुनंदाचा नमस्कार.

इतके दिवस पत्र लिहिलं नाही, कारण मी स्वयंपाक करत होते.

करार मी मोठ्याने वाचला. पहिल्यांदा माझं नाव आलं तेव्हा उगीचच लाजले, तिसऱ्या अटीपासून सवय झाली. जयवंतने मला उभं करून माप घेतलं, दोनदा. सही एकेक अक्षर जपून काढत केली, कारण मनिऑर्डरच्या पावतीखेरीज मी कशावरही सही केलेली नव्हती. पायरी एकतीस तारखेच्या आत झाली. पहिल्या दिवशी मी वरणभात आणि कोलंबीचं कालवण केलं. पातेल्यात वरून पाहता येत होतं. गुडघा सबंध वेळ गप्प होता. मामा, तिथे उभी राहून मी थोडी रडले, आणि सासूबाईंना कांदा म्हणून सांगितलं. कालवणात कांदा नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं.

चार दिवसांनी मी अंघोळ करून आले तर त्या पायरीवर चढून उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, उंच आहे तशी, पण कंबर धरत नाही. आता सकाळचं त्या करतात, संध्याकाळचं मी. मीठ कुठे आहे हे दोघींनाही ठाऊक आहे.

हे परवा सुटून आले. पुष्कळ वाळले आहेत. दोन दिवस तुकडीतली आणि आमच्या इमारतीतली माणसं भेटायला येत होती आणि प्रत्येक जण हळूच विचारत होता, नववी अट काय होती हो? काल सकाळी हे पायरीवर चढून फळीवरचा डबा काढायला गेले आणि कपाळ फळीवर आपटलं. पायरीवर ह्यांची उंची जवळजवळ सात फूट होते, हे कोणी लक्षात घेतलं नव्हतं. जयवंत तेव्हा राहिलेलं सिमेंट न्यायला आलाच होता. हे कपाळ चोळत त्याला म्हणाले, ही पायरी एक हात डावीकडे सरकव. जयवंतने सिमेंटची गोणी खाली ठेवली, खिशातून नवा कागद काढला आणि म्हणाला, "तुमचा म्हणणा माका पटता, सायबानू. पण नवव्या अटीत तुमी नाय."

हे म्हणाले, बघू. चष्मा आता दुरुस्त झाला आहे. ह्यांनी कागद उजेडाला धरला आणि पहिल्या अटीपासून वाचायला लागले, कचेरीत वाचतात तसं मोठ्याने. सौ. सुनंदा मनमोहन वेलकर यांच्या खर्चाने. सौ. सुनंदा मनमोहन वेलकर यांचे माप घेऊन. सौ. सुनंदा मनमोहन वेलकर यांच्या पसंतीने. आईंसमोर ह्यांनी माझं नाव कधी घेतलेलं नाही, 'अगं' म्हणतात. तिसऱ्या अटीला ह्यांच्या ते लक्षात आलं आणि हे आईंकडे बघून थांबले. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, वाच की पुढे, कागद आहे तो. ह्यांनी नऊही अटी वाचल्या. एकही नाव गाळलं नाही.

मग ह्यांनी टेबलावरून कागद घेतला आणि लेखी विनंती केली: 'पायरी एक हात डावीकडे सरकवावी, ही नम्र विनंती. मनमोहन वेलकर.' खाली तारीख घातली आहे. ती मी कराराला टाचणीने लावून ठेवली.

मी अजून निर्णय दिलेला नाही. तुमचं मत काय असेल ते कळवा, पण तुम्हीही नवव्या अटीत नाही.

तुमची भाची,
सुनंदा